मोत्याला गाडी लागते तेव्हा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर कोकणात निघालेल्या गाड्या बघाव्यात. मागच्या सीटवर नारळ, मखराचं सामान, आजी, दोन पोरं आणि त्यांच्या मांडीवर एखादं लॅब्रॅडॉर किंवा शित्झू. फ्लॅटमध्ये वाढलेलं जनावर आठ दिवस कुणाकडे ठेवायचं, या प्रश्नाला बहुतेक घरांत आता 'घेऊनच जाऊ' हेच उत्तर असतं. पेण येता येता ते जांभया द्यायला लागतं. घरच्यांना वाटतं, झोप आली. मग ते ओठ चाटतं, पुन्हा पुन्हा गिळतं, जागा बदलतं, आणि लाळेच्या तारा सीटवर लोंबायला लागतात. 'उकडतंय त्याला, एसी वाढव,' असं पुढून कुणीतरी म्हणतं. एसी वाढतो, वळणं वाढतात आणि सगळं पोटातलं बाहेर येतं.

जांभया, ओठ चाटणं, लाळ, अस्वस्थपणा ही मळमळीचीच लक्षणं आहेत. उलटी ही त्यातली शेवटची पायरी, आणि पुष्कळ कुत्री तिथवर पोचतच नाहीत. ती मुकाट मळमळत बसतात, आणि 'आमचा प्रवासात अगदी शांत असतो हो' असं कौतुक होतं. मांजराची तऱ्हा वेगळी. ते खोल आवाजात ओरडत राहतं, लाळ गाळतं, कधी कॅरिअरमध्येच शी-शू करतं.

या सगळ्याला आपण 'गाडी लागली' म्हणून मोकळे होतो. पण त्यात दोन दुखणी मिसळलेली असतात. एक कानात असतं आणि दुसरं आठवणीत. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. त्यांची गल्लत झाली की भलतंच औषध भलत्या जनावराच्या पोटात जातं.

आधी कानातलं. कानाच्या अगदी आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. शेजारी बारीक कॅल्शियमचे कण असलेल्या दोन पिशव्या असतात. वेग वाढला, कमी झाला, आपण कलंडलो, हे त्या सांगतात. चालत्या गाडीत कान म्हणतो आपण हलतोय, पाय म्हणतात आपण बसलोय, आणि समोरच्या सीटची पाठ बघणारे डोळे म्हणतात काहीच हललेलं नाही. हा मेळ बसत नाही आणि मळमळायला लागतं. ज्या कुत्र्यांचे दोन्ही आंतरकर्ण काम करत नाहीत त्यांना गाडी लागत नाही, हे गेल्या शतकातल्या प्रयोगांत स्पष्ट झालं आहे. म्हणजे गुन्हेगार कान, पोट नव्हे.

पण मेळ बसला नाही तर उलटी का व्हावी? चक्कर आली असती, झोप लागली असती, पोटाचा इथे काय संबंध? १९७७ मध्ये मिशेल ट्रीसमन या मानसशास्त्रज्ञाने एक चलाख तर्क मांडला. निसर्गात गाड्या नव्हत्या. डोळे आणि कान यांच्या बातम्या एकमेकींशी जुळेनाशा होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोटात गेलेलं विष. म्हणून मेंदूने सरळ नियम केला असावा: बातम्या जुळत नाहीत ना, मग खाल्लेलं बाहेर टाका. पुढे १९८३ मध्ये कॅनडाच्या केन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. आंतरकर्ण काढलेल्या कुत्र्यांना काही विषं दिल्यावर उलटीची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. कान आणि विषबाधा यांचं खरंच काही नातं आहे, याला त्यातून बळ मिळालं. त्याच वर्षी हे मनी कॅनडाच्या पहिल्या सहा अंतराळवीरांत निवडले गेले, ही गंमत वेगळी. घाटात सीट खराब करणारं कुत्रं, या तर्कानुसार, स्वतःचा जीव वाचवत असतं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

पिल्लांना हा त्रास जास्त होतो. तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते, असं मानलं जातं. वर्षभरात पुष्कळांचा त्रास आपोआप कमी होतो. मात्र त्या वर्षात गाडीबद्दल काय काय शिकून घेतलं जातं, तो दुसरा भाग.

आठवणीतलं दुखणं समजायला रशियाच्या इवान पावलोव्हकडे जावं लागतं. त्यांना नोबेल मिळालं ते १९०४ मध्ये, पचनावरच्या संशोधनासाठी. पण जगाला ते माहीत झाले कुत्र्यांच्या लाळेमुळे. अन्न येण्याआधी ठराविक खूण मिळत गेली, की नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागतं. आपल्या पिल्लाचा गाडीतला पहिला प्रवास आईपासून तोडणारा असतो. दुसरा, तिसरा आणि चौथा दवाखान्यात सुई टोचून घेण्यासाठी. वाटेत मळमळ. एवढ्या शिकवणीनंतर किल्लीचा आवाज झाला की ते सोफ्याखाली जाऊन बसतं, यात नवल काय? उद्या त्याच्या कानातली यंत्रणा पक्की झाली, तरी भीती राहतेच. कारण मळमळ वयाने ओसरते, आणि शिकलेली भीती तशी ओसरत नाही.

दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, आणि तरीही कुत्रं थरथरतंय, लाळ गाळतंय, चढायला तयार नाही, तर ती भीती. उलट ते आनंदाने चढलं, सरळ रस्त्यावर बाहेर बघत बसलं आणि घाट लागल्यावर गळून गेलं, तर तो कान. बऱ्याच घरांत दोन्ही असतं. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: आधी मळमळ थांबवायची, मग सवय लावायची. मळमळ तशीच ठेवून 'सवय होईल हळूहळू' म्हणत रोज फिरवलं, तर दर फेरीला भीतीचा धडा नव्याने गिरवला जातो.

सवय लावायची ती उभ्या गाडीपासून. दारं उघडी, इंजिन बंद, आणि कुत्र्याचं जेवण गाडीत. काही दिवस एवढंच. मग दारं लावून, मग इंजिन चालू करून पण गाडी न हलवता. त्यानंतर सोसायटीच्या फाटकापर्यंत. त्यानंतर त्याच्या आवडत्या मैदानापर्यंत, म्हणजे प्रवासाच्या टोकाला सुई नाही तर चेंडू असतो हे त्याला कळेल. किती दिवस लागतील ते कुत्रं ठरवतं. हातातला आवडता खाऊ बघून त्याने तोंड फिरवलं, तर समजावं की आपण घाई केली. एक पायरी मागे यावं. ओढून-ढकलून गाडीत कोंबलं तर आठवड्याची मेहनत एका मिनिटात वाया जाते.

मांजराच्या बाबतीत सगळं कॅरिअरवर अवलंबून असतं, आणि इथे आपण हमखास चुकतो. कॅरिअर माळ्यावर असतो. वर्षातून एकदा लसीच्या दिवशी खाली येतो, आणि तो दिसताच मांजर कपाटामागे. मग घरभर धावपळ, ओरखडे, शेवटी चादरीत गुंडाळून कोंबणं. त्याऐवजी कॅरिअर बारा महिने घरात उघडा ठेवावा, आत मांजराच्या अंगाचा वास असलेलं फडकं टाकावं, अधूनमधून खाऊ तिथेच द्यावा. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात २२ मांजरांवर याचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅरिअरची पद्धतशीर सवय लावली होती, त्यांच्यावर गाडीतला ताण कमी दिसला. 'मांजर कुठे काही शिकतं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅरिअर वरून उघडणारा असेल तर फार सोपं जातं; दाराच्या बारीक चौकटीतून मांजर ओढून काढण्याची वेळ येत नाही. गाडीत त्यावर पातळ कापड टाकावं. बहुतेक मांजरांना पळती झाडं बघण्यापेक्षा काहीच न दिसणं बरं वाटतं.

वासाचे उपायही सांगितले जातात. बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी २००६ मध्ये, गाडीत फार धिंगाणा घालणाऱ्या ३२ कुत्र्यांवर लॅव्हेंडरच्या वासाचा प्रयोग केला. वास असताना ती जास्त वेळ बसून किंवा पडून राहिली. पण ती उतावळी कुत्री होती, मळमळणारी नव्हती, हे विसरू नये. आणि मांजर सोबत असेल तर ही तेलं गाडीत नकोतच. तीव्र सुगंधी तेलं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. फेरोमोनचे स्प्रे मिळतात, त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अपाय नाही, परवडत असेल तर मारावेत. आवळासुपारी आणि आलेपाक मात्र आजीसाठीच ठेवावेत.

आता निघायचा दिवस. मोठ्या निरोगी कुत्र्याला शेवटचं पोटभर जेवण निघण्याच्या सहा ते आठ तास आधी द्यावं. पहाटे चारला निघायचं असेल तर रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं कमी. पाणी तोडायचं नाही, घोट घोट देत राहायचं. अगदी लहान पिल्लांना इतका उपास सोसत नाही, त्यांची साखर उतरते. मधुमेही कुत्र्याचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच बदलावं. आणि ससा असेल तर हा नियम पूर्ण उलटा. सशाला उलटी करताच येत नाही आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. त्याला उपाशी ठेवणं धोक्याचं. वाटभर समोर सुकं गवत हवं. प्रवासाआधीच्या जेवणाबाबत आपला कायदा थोडा गमतीदार आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात, की कुत्र्या-मांजरांना निघण्याच्या किमान दोन तास आधी खाऊ-पिऊ घालावं आणि वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावं. पाण्याचं अगदी बरोबर. पण दोन तासांपूर्वीचं जेवण घेऊन कुंभार्ली घाट चढणाऱ्या कुत्र्याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी केला नसावा. पार्सलने जाणारं जनावर उपाशी राहू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

माझं स्पष्ट मत असं, की गाडी लागण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय चालवणाऱ्याच्या उजव्या पायात आहे. माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की साधारण पाच सेकंदांत एक, अशा संथ हेलकाव्यांनी मळमळ सर्वांत जास्त होते. खडबडीत रस्त्यावरचे बारीक हादरे त्या मानाने निरुपद्रवी. बसप्रवाशांच्या अभ्यासातही चालकाची वळण घेण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. म्हणजे आंबा घाटात प्रत्येक वळणाआधी करकचून ब्रेक आणि वळण संपताच एक्सलरेटर, असं चालवणारा भाऊ गाडीत असेल तर कुत्र्याला कितीही औषध द्या, उपयोग नाही. वळणाच्या बऱ्याच आधी वेग उतरवावा, वळण एका वेगात घ्यावं. माणसांनाही बरं वाटेल.

बसण्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, म्हणजे मागच्या सीटवर. डिकीच्या टोकाला हेलकावे मोठे बसतात. खिडकी दोन बोटं उघडी असावी, पण डोकं बाहेर काढायला जागा नको. कुत्र्याला हवा आवडते, डोळ्यांत गेलेला खडा आवडत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे जनावर बसवूच नये. मोकळं तर कुठेच नको. साधं गणित आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर मोकळं कुत्रं त्याच वेगाने पुढे जातं, आणि तो आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. ते ज्याच्या पाठीवर आदळेल त्याचंही काही खरं नाही. म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस आणि तो सीटबेल्टला जोडणारा पट्टा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच जोडू नये, मान जायबंदी होते. छोटं कुत्रं आणि मांजर यांचा कॅरिअर बेल्टने बांधावा किंवा पुढच्या सीटच्या मागे पायांपाशी घट्ट बसवावा.

दोन-तीन तासांनी थांबावं. दार उघडण्याआधी साखळी हातात असावी. घाटाच्या तोंडाशी वडापावच्या टपऱ्यांवर माकडं असतात, ढाब्यावर तिथली मुरलेली कुत्री असतात. आपलं फ्लॅटमधलं पोर दोघांनाही पुरं पडत नाही. गळ्यात फोन नंबरची पाटी असावी, आणि नंबर प्रवासात सोबत असलेल्या माणसाचा असावा, घरच्या लँडलाइनचा नव्हे. सगळेच जेवायला उतरणार असतील तर कुणीतरी एकाने गाडीत बसावं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, बाहेर जेमतेम २२ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात ४७ पर्यंत गेलं. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मे महिन्यात चिपळूणला २२ अंश पहाटेसुद्धा नसतं. कुत्र्याला घाम जवळपास नसतोच, धापा टाकूनच ते अंग गार करतं, आणि दमट हवेत धापाही कामाला येत नाहीत. पग, बुलडॉग, शित्झू, पर्शियन मांजर या चपट्या नाकाच्या मंडळींना तर थोडा उष्माही भोवतो. जीभ गडद लाल, पाय लटपटत असतील तर साध्या पाण्याने अंग भिजवावं, पंखा किंवा वारा द्यावा आणि दवाखाना गाठावा.

एवढं करूनही त्रास होत असेल तर औषध. मॅरोपिटंट हे औषध कुत्र्यांसाठी तयार झालं आणि अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झालं. मेंदूच्या उलटी-केंद्राला 'सबस्टन्स पी' या रसायनाकडून निरोप जातो. मॅरोपिटंट त्याची जागाच अडवून ठेवतं. ते निघण्याच्या किमान दोन तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर द्यायचं असतं. प्रवासासाठी लागणारी मात्रा नेहमीच्या उलट्यांसाठीच्या मात्रेच्या चौपट असते, म्हणून मागच्या वेळची उरलेली गोळी अंदाजाने देऊ नये. मांजरांतही डॉक्टर ते वापरतात. ॲलर्जीवर वापरतात त्या जातीची जुनी औषधं कुत्र्यांना बऱ्यापैकी लागू पडतात, मांजरांना फारशी नाही. त्यांच्या मेंदूतली वाट वेगळी आहे. घरात असलेली माणसांची उलटीची गोळी अर्धी करून द्यायचा मोह होतो. नको. मात्रा वेगळी, जनावर वेगळं, आणि पॅरासिटामॉलसारखी आपली साधी गोळी मांजराचा जीव घेते.

भीतीसाठीची औषधं निराळी. मांजरांना दवाखान्यात नेण्याआधी गॅबापेंटिन देण्याची पद्धत आता रुळली आहे. त्याच्या जवळचं प्रीगाबालिन प्रवासाच्या भीतीसाठी खास मांजरांकरता अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालं. सांभाळायचं ते ॲसेप्रोमॅझिनपासून. 'झोपेची गोळी द्या डॉक्टर, दापोलीपर्यंत झोपून राहील' या मागणीला अनेक वर्षं हेच औषध दिलं गेलं. त्याने अंग ढिलं पडतं, उलटी थोडी थांबते, पण आतली भीती तशीच राहू शकते. कुत्रं घाबरलेलं असतं, फक्त ते दाखवायची ताकद नसते. शिवाय रक्तदाब उतरतो आणि अंगाचं तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावते. उन्हाळ्यात, चपट्या नाकाच्या जातीला, हे संकट ठरू शकतं. आणि आयुष्यभर मजेत प्रवास केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक गाडी लागायला लागली, मान एका बाजूला कलली, तर प्रवासाची गोळी मागू नये. कान तपासून घ्यावा.

विमानात गुंगीची औषधं नकोत, असं विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकेतले पशुवैद्यक दोघेही सांगतात. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडला तर बघायला कुणी नसतं. आपल्याकडे अकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून छोट्या प्राण्यांना केबिनमध्ये परवानगी दिली, एअर इंडिया आधीपासून नेते. वजनाच्या मर्यादा बदलत राहतात, बुकिंगच्या वेळीच विचारलेलं बरं.

मोठ्या कुत्र्यासाठी रेल्वे बरी. घाटातही तिचं वळण गाडीइतकं झटक्याचं नसतं. कुत्र्याला एसी फर्स्टमध्ये सोबत नेता येतं, पण दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची अख्खी केबिन आपल्याच मंडळींच्या नावावर असेल तरच. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. लसीकरणाचं पुस्तक, डॉक्टरांचा ताजा फिटनेस दाखला आणि तिकीट घेऊन गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात जायचं, वजनाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यायची. पावतीशिवाय सापडलात तर सहापट वसुली. मेख अशी, की तिकीट काढताना कूपे मिळेल याची खात्री कुणीच देत नाही; अर्ज करून ठेवता येतो, पण वाटप चार्ट तयार होताना होतं. नाही मिळाला, तर उरतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स: लोखंडी खण, अंधार, चाकांचा खडखडाट, आणि मालक दहा डबे पुढे. ज्या कुत्र्याने कधी क्रेट पाहिलेला नाही त्याला तिथे रात्रभर ठेवू नये असं मला वाटतं. तेव्हा कूपे न मिळाल्यास गाडी भाड्याने घ्यायची, की कुत्र्यासाठी एकाने घरी थांबायचं, हे आरक्षण करतानाच घरात ठरवून ठेवावं. चार्ट लागल्यावर ठरवायला हातात फार थोडे तास उरतात.